इंजिनाच्या सायकलचा नंबर

आमच्या गल्लीतल्या निवृत्त वजनमाप निरीक्षकांना सगळे नियमकाका म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नोकरीत असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचा तराजू जप्त केला होता. ती हकीकत ते मेव्हण्याच्या देखतच रंगवून सांगत.

गुडघे कुरकुरायला लागले तसं जावयाने त्यांच्या सायकलला छोटंसं पेट्रोलचं इंजिन बसवून दिलं. गल्लीला हे नवं नव्हतं. पाववाला सकाळी तसल्याच सायकलवर फटफटत यायचा, आणि घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या नर्सबाईंचं तर पोटच तसल्या इंजिनावर होतं. कुणी कुणाला हटकत नव्हतं.

काकांनी सायकलभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिची नोंदणी?"

"सायकलची कसली नोंदणी, बाबा?" जावई हसला.

"इंजिन आहे म्हणजे वाहन आहे. वाहन म्हटलं की नंबर आलाच."

काकू आतून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही आपला चहा घ्या. यांच्या अंगात आलंय आता."

काका सायकल हातात धरून, लंगडत, नोंदणी कचेरीत गेले. बिननंबरी वाहनावर बसायचं कसं? कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "सायकल आहे आजोबा. न्या घरी."

"तसं लेखी द्या."

कारकुनाचा चेहराच उतरला. उभ्या नोकरीत त्याने कुणाला काही लेखी दिलं नव्हतं. त्याने काकांना साहेबांकडे ढकललं, साहेबांनी तपासनीसाकडे.

"चालवून दाखवा," तपासनीस म्हणाला, "पण पेडल मारायचं नाही. पेडल मारलं की ती सायकल."

"पेडल मारल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही."

"मग हे वाहन नाही."

"तसं लेखी द्या."

तपासनीसाने कपाळाला हात लावला. मग त्याने आणि शिपायाने मिळून मागून ढकललं. काका पाय अधांतरी धरून बसले, इंजिन खोकलं, शिंकलं आणि एकदाचं पेटलं. काका आवारात फिरून आले. कचेरीतली सगळी कामं टाकून माणसं खिडकीत गोळा झाली होती.

मग दिवे लावा, आरसे लावा, भोंगा लावा, पुढे-मागे पाट्या लावा. या सगळ्याने सायकल इतकी जड झाली की चढावर काका उतरून ढकलायचे. डोक्यावर हेल्मेट मात्र घट्ट.

एवढ्यावर भागलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण एकाची नोंदणी झाली म्हणजे सगळ्यांची होऊ शकते, हे साहेबांच्या डोक्यात आलं आणि फर्मान सुटलं. पाववाला सापडला. नर्सबाई सापडल्या. दोघांनाही हवालदाराने एकच ऐकवलं, "ते आजोबा करू शकतात, तुम्हाला काय धाड भरलीय?"

गल्लीने काकांशी बोलणं टाकलं. न्हावी त्यांना पाहिलं की वस्तरा घासत बसायचा, ते कंटाळून निघून जाईपर्यंत घासायचा. काकू कडाडल्या, "चार माणसांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत! आता सगळ्यांची नोंदणी तुम्हीच करून द्यायची."

काकूंना वाटलं, चांगली अद्दल घडली. काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी व्हरांड्यात टेबल मांडलं, इस्त्रीचा शर्ट चढवला. पाववाल्याच्या फोटोत एक कान दिसत नव्हता, परत पाठवला. नर्सबाईंची सही आडनावाशी जुळत नव्हती. त्यांनाही परत पाठवलं. पुन्हा आल्या तर इंजिनाची पावती पुसट.

"काका, माझा पेशंट खोळंबलाय हो."

"नियम म्हणजे नियम, बाई."

नर्सबाईंनी पिशवीतून पाना काढला, तिथेच उकिडव्या बसून इंजिन सोडवलं आणि टेबलावरच्या कागदांवर आदळलं. तेल पसरलं.

"आता?"

काकांनी वाकून पाहिलं. "आता सायकल," ते समाधानाने म्हणाले. "आता काहीच लागत नाही."

संध्याकाळी काकूंनी ते इंजिन पिशवीत घातलं आणि नर्सबाईंच्या घरी पोचवलं. दोघी बराच वेळ बोलत बसल्या होत्या म्हणे. काय, ते कळलं नाही. हल्ली नर्सबाई चौक टाळून मागच्या रस्त्याने फटफटत जातात. पाववालाही तिकडूनच येतो. चौकात हवालदार ताटकळत उभा असतो. अडवायला त्याला काकाच सापडतात. तो रोज त्यांचे कागद तपासतो आणि काका रोज, न मागता, विम्याचाही दाखवतात.