टिकणारी शाई

"ताई, छापायचं काय आहे ते सांगा, म्हणजे मला मशीन सुचवता येईल," दुकानदार म्हणाला.

"लेकीचे शाळेचे प्रोजेक्ट," नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं. "कधी गांडूळ हवं, कधी ज्वालामुखी. सुट्टीच्या दिवशी दुकानं पालथी घालतो मी."

तिने मान डोलावली. खरं कारण तिच्या पर्समधल्या फोनमध्ये होतं. पोटातच गेलेलं त्यांचं दुसरं बाळ, आणि नर्सने तिच्यासाठी गुपचूप काढलेला त्याचा एकुलता एक फोटो. फोन जुना झालेला. तो कधी मान टाकेल या धास्तीने ती उठता-बसता त्याला चाचपून बघायची. फोटो कागदावर यायला हवा होता. पण स्टुडिओतला माणूस तो मोठ्या पडद्यावर उघडणार, आणि वर विचारणार, किती कॉप्या काढू? ते तिला सोसलं नसतं.

दुकानदाराने दोन प्रिंटर पुढे ओढले. "याची शाई पाण्यासारखी. रंग चकचकीत, पण उजेडात विटतात. त्याची शाई बारीक कणांची. जरा मंद दिसते, पण वर्षानुवर्षं हलत नाही."

"टिकणारी द्या."

"अगं, ज्वालामुखी काय नातवंडांना दाखवायचाय?" नवरा हसला.

"फोनमधला एखादा फोटो द्या, काढून दाखवतो," दुकानदाराने हात पुढे केला.

"नको," ती इतक्या चटकन म्हणाली की दोघेही तिच्याकडे बघायला लागले. "चार्जिंग नाहीये."

घरी खोकं उघडून, तारा जोडून झाल्या. लेक शेजारी खेळायला गेली, नवरा भाजी आणायला. तिने खोलीचं दार लोटून घेतलं आणि फोनमधून मशीनला फोटो पाठवला. मशीन खरखरलं. कागद हळूहळू बाहेर सरकला.

बाळ गुलाबी होतं.

काळेनिळे ओठ तिला तोंडपाठ होते. इथे मात्र गालांवर लाली, ओठांवर रंग. फोनच्या पडद्यावर एका ओळीपुढे बरोबरची खूण होती: फोटो आपोआप सुधारा. मशीनला चेहरा सापडला होता आणि चेहरा असा असतो होय, असं म्हणून त्याने आपल्या अकलेने तो दुरुस्त केला होता. बाळ आत्ता उठेल, भुकेने रडेल. तिच्या छातीत दूध दाटल्यासारखी कळ आली.

"कोण आहे हा?"

नवरा मागे उभा होता. हातात भाजीची पिशवी तशीच. दवाखान्यात तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता, बाळ त्याने पाहिलंच नव्हतं. तिने कागद त्याच्याकडे वळवला, तेव्हा त्याला समजलं.

"तू तर म्हणाली होतीस, निळा पडला होता."

"पडला होता."

"हा नुसता झोपलाय. अगं, जिवंत होता हा. त्यांनी धड बघितलंच नाही." त्याने पिशवी खाली टाकली. "दे तो फोटो. त्या डॉक्टरच्या पुढ्यात ठेवतो आणि विचारतो."

तो दाराशी जाऊन पायांत चपला सरकवायला लागला. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे त्याला. भांडेल, ओरडेल, निदान या घरात कोणीतरी तोंड उघडेल. पण मग जन्मभर त्याच्या डोळ्यांसमोर हेच झोपलेलं मूल राहील, कुणीतरी उठवायचं राहून गेलेलं.

"थांब," ती म्हणाली. "मशीनने रंगवलाय तो."

"काहीतरी बोलू नकोस."

तिने फोनवरची ती खूण काढून टाकली, दुसरा कागद लावला. आधी टोपीची कड आली, मग कपाळ.

"पुरे," तो म्हणाला. "बंद कर."

तिने बंद केलं नाही. मशीन इकडून तिकडे फिरत एकेक पट्टी आणत राहिलं. मिटलेले डोळे आले. मग ओठ. दाराच्या कडीवर ठेवलेला त्याचा हात खाली आला. बऱ्याच वेळाने तो जवळ आला आणि त्याने हात कागदाकडे नेला.

"कडेने धर," ती म्हणाली. "ओला आहे अजून."