बाबांच्या पायातली गोळी

बाबा गेले आणि शोकसभेतल्या भाषणात सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांच्या पायात आणखी दोन गोळ्या घातल्या. जिवंतपणी बाबांचं एकीवर भागायचं.

खरं तर एकही नव्हती. बाबा सैन्यात स्वयंपाकी होते आणि मी नर्स आहे. भाजल्याचा व्रण मला कळतो. पण आईने चाळीस वर्षं त्या लंगड्या पायाच्या जिवावर अख्ख्या बिल्डिंगला धाकात ठेवलं होतं. लिफ्टपाशी रांग असली की, "सरका, आमच्या ह्यांनी गोळी खाल्लीय." पुढचा गप्प. मग मीही गप्पच राहिले. बाबा गेल्यापासून आई रडली नव्हती, त्यात तिची गोळीही काढून घ्यायची?

सेक्रेटरी बसले आणि काठी टेकत बाबांचे तुकडीतले मित्र उठले. कानांनी ठार बहिरे, त्यामुळे आवाज रस्त्यापर्यंत.

"गोळी? कसली गोळी? पातेलं पडलं त्याच्या पायावर! दोनशे माणसांच्या रश्श्याचं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी त्यांना बसा म्हणून खुणा केल्या. त्यांना वाटलं, मोठ्याने बोला म्हणतेय.

"तोफा सुरू झाल्या, आम्ही सगळे खंदकात. हा पठ्ठ्या चुलीपाशीच! म्हणे, पोरं दोन दिवसांची उपाशी आहेत, रस्सा तळाला लागेल. शेजारीच स्फोट झाला, पातेलं कलंडलं, उकळता रस्सा बुटात. तरी उरलेला त्यानेच वाढला. एका पायावर उभं राहून."

आई उठून त्यांच्या कानाशी ओरडली, "मग ह्यांनी मला का नाही सांगितलं, भावजी?"

"कसं सांगणार तो, वहिनी? रस्सा करपला होता ना!"

आई फोटोकडे वळली. "अहो! चाळीस वर्षं माझ्या भांड्यांची झाकणं उघडून वास घेत फिरलात, करपलं का, करपलं का! आणि स्वतः?" एवढं म्हणून ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी रांग होती. आई थेट पुढे घुसली.

"सरका. गोळी काय, कुणालाही लागते. आमच्या ह्यांचा पाय रश्श्याने भाजलाय."