कुलूप तर उघडलं

टेबलावर सात फासे होते, चार पेन्सिली, तीन पात्रांचे तीन तक्ते आणि तिळाच्या गजकचा अर्धा डबा. शिवाय सीमंतिनीने स्टेपल करून आणलेली चौदा पानं. खुर्च्या चार. त्यांतली भिंतीकडची, मास्टरची, आज पहिल्यांदाच तिच्याकडे होती.

हरिशंकरपुरम वस्तीतल्या या खोलीत तीन वर्षं दर रविवारी दुपारी हा खेळ चालत आला होता. एकाने मास्टर होऊन जग उभं करायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र होऊन वावरायचं, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा; मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. मास्टर कायम हेमेंद्र. खोली त्याची, नियमांचं पुस्तक त्याचं, आणि घराणं छावणीतल्या शिपायांचं. त्यामुळे लढाई आपल्याला उपजतच कळते अशी त्याची समजूत. सीमंतिनी मात्र महिनाभर हट्टाला पेटली होती, की हा खेळ गोष्टीसारखाही चालवता येतो. शेवटी हेमेंद्रने अट घातली. एक रविवार तुझा. संध्याकाळी हात वर करून मत घेऊ, आणि हरलीस तर या खुर्चीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

तिने तिथल्या तिथे हो म्हटलं, आणि मग घोळ घातला. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली मुलगी. खेळातला मोकळेपणा तिने कलमं पाडून लिहून काढला होता. कलम एक, कलम एक-अ. पस्तीस मिनिटं ती वाचत राहिली. सातव्या पानाला हेमेंद्रची चुलत बहीण सोनिका पेन्सिलीच्या टोकाने नखं कोरायला लागली. हेमेंद्रचा कॉलेजपासूनचा मित्र समरजीत गजकच्या तळाशी पोचला होता.

"सिमू, एक बात बता," तो म्हणाला, "मारायचं कुणाला आहे?"

"ते तुम्ही ठरवायचं. समोर काय आहे, तेसुद्धा तुम्हीच सांगू शकता."

"मग ही अंताक्षरी झाली," हेमेंद्र म्हणाला. "ज्याच्या जे मनात येईल ते तो बोलणार. यात खेळ कुठे आहे?"

सीमंतिनीला राग आला की ती आकडे काढते. गेल्या रविवारी तिने घड्याळ लावून टिपण ठेवलं होतं, ते तिने ऐकवलं. साडेतीन तासांत एकच लढाई, तीही दोन तास दहा मिनिटांची. तेवढ्या वेळात सोनिका नऊ वाक्यं बोलली, आणि त्यांतली पाच 'माझी पाळी आली का' अशी होती. सोनिकाने नखं कोरणं थांबवलं.

"आज तू शिपाई घेऊन बसलायस," सीमंतिनी हेमेंद्रला म्हणाली. "त्याच्या ढालीचं वजन लिहिलंयस, साडेचार किलो. त्याच्या आईचं नाव कुठे आहे?"

"आईचं नाव लढाईत लागत नाही."

 सीमंतिनीने चौदाच्या चौदा पानं उचलली, खुर्चीखाली सरकवली आणि सरळ खेळ सुरू केला. शत्रूच्या गढीतून एक कैदी सोडवायचा आहे, तिघं भिंत चढून आत उतरलेत. पहिल्याच खोलीत समरजीतने सवयीने विचारलं, की आत काय आहे. तूच सांग, ती म्हणाली. त्याने हेमेंद्रला डोळा मारला आणि सांगितलं, की पेटी आहे, आणि पेटीत तोफ आहे. आता ही नाही म्हणेल, याची दोघं वाट बघत होते.

"आहे," सीमंतिनी म्हणाली. "एवढी पेटी या दारातून आत आली कशी?"

समरजीत अडकला. डोकं खाजवून म्हणाला, तोफ आधी आली, खोली मागून तिच्याभोवती बांधली. म्हणजे कुणापासून तरी लपवायची होती, ती म्हणाली, कुणापासून? त्याने खुर्ची पुढे ओढली खरी, पण लढाई कब होगी हे विचारायचं सोडलं नाही.

पुढे कोठडीचं कुलूप आलं. हेमेंद्रने फासा टाकला. तीन.

"गेलं," म्हणून त्याने फासा सोनिकाकडे ढकलला.

"थांब. कुलूप उघडलं."

"तीन पडलेत."

"दिसतंय मला. कुलूप तर उघडलं, पण त्या आवाजाने कुणीतरी जागं झालं आणि इकडेच येतंय. कोण येतंय?"

हेमेंद्रने हाताची घडी घातली. "मास्टर तू आहेस. तू सांग."

"नाही सांगणार."

नवव्या पानावर बारा प्रकारचे पहारेकरी तिने स्वतः लिहिले होते. पण पानं काढायला ती खुर्चीखाली वाकली नाही.  समरजीतने दोनदा घसा खाकरला.

"आई येतेय," सोनिका म्हणाली. "हेमूदादा, तुझ्या शिपायाची आई. इथे गढीत स्वयंपाकाला असते. हातात कंदील आहे."

"ती इथे कशी?"

"तू घर सोडलंस, तेव्हा तिला सांगून निघाला होतास का?"

हेमेंद्रचा हात फाशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नाही," तो म्हणाला.

"मग ती ओरडते की नाही, ते तू सांग," सीमंतिनी म्हणाली.

 हेमेंद्रच्या शिपायाने ढाल जमिनीवर ठेवली आणि आजवर आपण कुठे होतो ते आईला सांगायला लागला. सोनिका आईच्या वतीने उलटे प्रश्न विचारत होती, आणि ते सोपे नव्हते. मध्येच समरजीतचं पात्र आईचा कंदील धरून उभं राहिलं. फासा कुणी मागितला नाही.

साडेसहाला तिघा खेळाडूंचे हात वर झाले. बाजूने दोन, विरुद्ध एक. विरुद्धचा हात समरजीतचा होता.