पहिली हाक

त्या वर्षी भिवंडीला फिरायला जायचं वेड लागलं होतं. एरवी इथली माणसं लग्नाला जात, मयताला जात, फार तर उरुसाला जात. नुसतं बसायला म्हणून परक्याच्या गावी जायचं आणि वर त्याला पैसेही द्यायचे, हे कुणाच्या बापजन्मात नव्हतं. आता शुक्रवार उजाडला, कारखान्यांची लाइट बंद झाली, की गल्लीतल्या गाड्या भरायला लागत. सकाळी नाश्ता, मग पोहायचा हौद, दुपारी चिकन, संध्याकाळी भजी खाऊन घरी. शनिवार-रविवारी सगळी फार्महाऊसं मुंबईकर बळकावून बसत, म्हणून शुक्रवारी भिवंडीकरांना ती स्वस्तात मिळत. कोण कुठे जाऊन आलं, याच्या गप्पा लग्नातल्या बिर्याणीपेक्षा जास्त रंगत.

सालेहा मात्र कुठेच जात नसे. तिचं घर कारखान्याच्या डोक्यावर होतं. खाली नवऱ्याचे सोळा लूम, म्हणजे विजेवरचे माग, आणि वर संसार. जमीन थरथरायची, कपाटातले पेले एकमेकांवर किणकिणायचे, आणि आलेला पाहुणा दोन वाक्यं ओरडून बोलला की तिसऱ्याला घसा धरायचा. सालेहाला त्याचं काही वाटत नसे. लूम बंद झाले की मात्र तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. शुक्रवारी ती सकाळीच काल्हेरला बहिणीकडे जाऊन बसे, कारण बहिणीच्या दारातून दिवसभर गोडाऊनचे ट्रक जात. आवाजाशिवाय हिला घास गिळत नाही, असं घरचे चेष्टेने म्हणत आणि तीही हसण्यावारी नेई. सवय म्हटलं की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही.

लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा तिच्या नवऱ्याने, अय्यूबने, जनरेटर घेतला. त्यावर सगळा कारखाना चालणं शक्यच नव्हतं, म्हणून लाइट गेली की तो एकच लूम चालू ठेवी. कित्येकदा त्या लूमवर सूतही नसे. रिकामा धोटा इकडून तिकडे धावत राही आणि डिझेल जळत राही. अय्यूबशेठ हवा विणतात, असं शेजारचे म्हणत. हा खुळेपणा तो आपल्यासाठी करतो, असं सालेहा मनात धरून होती. विचारायला मात्र ती कधी गेली नाही, कारण विचारलं असतं तर तिलाही काही सांगावं लागलं असतं.

त्यांची मुलगी आयत मानकोलीला एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला होती. तिथल्या सगळ्या पोरी आईबापांना कुठे ना कुठे फिरवून आल्या होत्या, मग ही मागे कशी राहील? तानसा नदीच्या काठावरचं ‘निवांत’ नावाचं फार्महाऊस तिने ठरवून टाकलं. सालेहाने गुडघा पुढे केला, दूधवाला पुढे केला, बहिणीची तब्येत पुढे केली. नवल म्हणजे अय्यूबलाही त्याच दिवशी एका मोटरचा पट्टा बदलायचा होता. आयत म्हणाली, अब्बांचे कान लूमने खाल्लेत, तुझे तरी शाबूत राहू देत. शेवटी तिने हुकमाचं पान टाकलं. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. ‘नंतर तुम्ही मला कुठे मिळणार?’ एवढंच ती म्हणाली, आणि आईबाप मुकाट्याने गाडीत बसले.

फार्महाऊसचा मालक केसरीनाथ मूळचा भिवंडीजवळच्या वळ गावचा. गावची शेती गोडाऊनला गेली, त्या पैशातून त्याने नदीकाठी ही वाडी घेतली होती. माणूस बोलका आणि अगत्याचा. एकेक झाड दाखवत तो म्हणाला, “हितं बगा, पाखराबिगर कुनाचा आवाज न्हाय. मुंबयची मानसं निस्ती ही शांतता खायाला येतात.” पोहण्याच्या हौदावर पाण्याचा पंप घरघरत होता, त्या बाजूची खुर्ची धरून सालेहा बसली. जेवताना ती एकसारखी बोलत राहिली. आयतला वाटलं, अम्मी खुलली.

जेवणं झाली. आयत आत पंख्याखाली झोपली. ओटीवर अय्यूब एका खुर्चीत आणि सालेहा दुसऱ्या खुर्चीत. ऊन असं पडलं होतं की आंब्याची सावलीसुद्धा बुंध्याशी गोळा झाली होती. आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. हौदावरचा पंप एकदा खोकला आणि गप्प झाला.

एकोणीस वर्षांपूर्वी अशीच लाइट गेली होती. तेव्हा आयत पाळण्यात होती आणि थोरला तौहीद पाच वर्षांचा होता. सालेहा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. खालचे सोळाही लूम एका दमात बंद पडले आणि त्या शांततेत मागच्या अंगणातून हाक आली. अम्मी. एकच. सालेहाचा हात पिठात थांबला. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की भर दुपारी कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं, दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं. खाडीकाठची आगरी असोत की कोकणी मुसलमान, सगळी घरं हे पाळत. सालेहा दुसऱ्या हाकेची वाट पाहत थांबली. लाइट आली आणि सोळा लूम एकदम सुरू झाले. तौहीदने दुसरी हाक मारली की नाही, हे कुणालाच कधी कळायचं नव्हतं. पोर मागच्या पाण्याच्या हौदात सापडलं. आवाजात कुणाला ऐकू येणार, असं म्हणत बायका तिला धरून रडल्या. तिने त्यांचं म्हणणं खोडलं नाही. आपण ऐकलं होतं, हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

तेव्हापासून कुठेही शांत झालं की हाक येई. म्हणूनच लूम, म्हणूनच काल्हेरचे ट्रक. आत्ताही हाक आली. हौदाच्या बाजूने, तोच बारीक, थोडा चिडका आवाज. अम्मी. एकदाच.

सालेहाने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि नवऱ्याकडे पाहिलं. ज्याला चहा तीनदा ओरडून विचारावा लागे, तो अय्यूब मान वर करून हौदाकडेच बघत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“तुमाला आयकू आलं?” तिने विचारलं, तेही अगदी हळू आवाजात.

“लाइट गेली की येतंय,” अय्यूब म्हणाला. “त्या दिवशीबी आलं व्हतं. मी लूममधून उठलोसुदा. मंग अम्मांचं बोलनं आठवलं. म्हटलं, दुसरी हाक येऊं दे.”

सालेहाला आधी राग आला. इतका, की हाताशी असलेला पाण्याचा तांब्या त्याच्या अंगावर फेकावा. हा खाली होता, अंगणाच्या दाराशी होता, चार पावलांत पोचला असता. मग लगेच कळलं, की आपणही एका जिन्याच्याच अंतरावर होतो. आणि त्यामागून आला तो सुटल्यासारखा आनंद, आपण एकट्या नव्हतो याचा. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिने पदराने तोंड झाकून घेतलं.

“मीबी थांबले,” ती पदरातून म्हणाली. “मी आयकली व्हती. मीबी दुसरीची वाट बगत व्हते.”

सालेहाने मग त्या रिकाम्या लूमचं विचारलं. तिला वाटत होतं, तो तिच्यासाठी चालवतो. अय्यूबने मान हलवली. तो स्वतःसाठीच चालवत होता आणि बायकोला ते ठाऊक असावं, म्हणूनच ती विचारत नसावी, असं त्याला वाटत होतं. एका छपराखाली दोघांनी एकच हाक एकोणीस वर्षं एकमेकांपासून लपवली होती, आणि जग म्हणत होतं की या घरात काही ऐकूच येत नाही.

हौदातलं पाणी हललं. वारा नव्हता. आणि हाक पुन्हा आली, तशीच, एकदा; एवढ्या वेळाने आलेली, म्हणून तीही पहिलीच.

सालेहा उठून उभी राहिली. तिचे गुडघे खरंच दुखत होते. सासूचे शब्द ओठांपाशी आडवे आले, तरी तिने तोंड उघडलं. सोळा लूमवरून बोलायची सवय झालेला तिचा आवाज सगळ्या वाडीभर गेला.

“ओ.”

“ओ रे, बाला,” तिच्यामागे अय्यूब म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. आंब्यावरची पाखरं भुर्रकन उडाली. आयत आतून धडपडत उठल्याचं ऐकू आलं. दोघं नवराबायको उन्हात उतरून हौदाच्या काठापर्यंत गेली आणि तिथे हात धरून उभी राहिली. लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांनी असा हात धरला नव्हता. पाण्यात आभाळाशिवाय काही नव्हतं.

स्वयंपाकघरातून केसरीनाथ पळत आला. त्याच्या हातात झारा तसाच होता. त्याने आधी पाण्याकडे पाहिलं, मग या दोघांकडे. काय झालं, कोण पडलं, असं काही त्याने विचारलंच नाही. त्याच्या दंडावर काटा आलेला सालेहाला स्पष्ट दिसला.

“भाभी,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “मी बी आयकली. पन भर दुपारची पयली हाक व्हती ती. पयल्या हाकेला ओ द्यायची नसते, तुमाला म्हाईत न्हाय का?”

“म्हाईत व्हतं,” सालेहा म्हणाली. “म्हनूनच तर इतका उशीर झाला.”