गालात शिरलेली फुंक

मी एक जुना शंख आहे, मित्रांनो. समुद्रातून निघालो, माझं टोक कापलं गेलं आणि तुळशीबागेतून मी कर्वेनगरला आलो. माझं काम एकच. कुणीतरी फुंकायचं, मी गर्जायचं.

फुंक.

फुंकणारी नम्रता. दिवसभर आयटी कंपनीत संगणकासमोर, संध्याकाळी शंखपथकात. तिचा दम पाहून सगळी सोसायटी टाळ्या वाजवायची. मग कात्रजला तिची स्कूटर घसरली. गालाच्या हाडाला तडा. मी कपाटात.

धूळ.

"नाक अजिबात शिंकरायचं नाही," असं डॉक्टर श्यामसुंदर यांनी बजावलं होतं. तिने ते निष्ठेने पाळलं. पण घरी गणपती बसले. शंखाशिवाय पहिली आरती कशी सुरू करायची?

फुंक!

मी गर्जलो. पण थोडी हवा भलतीकडेच गेली. नम्रताचा गाल टम्म फुगला, डोळा मिटला.

"अगं बाई, गालाचा मोदक झाला की!" सासूबाई, तुळजाबाई, म्हणाल्या. त्यांनी हलकेच बोट लावलं. कातडीखाली कुरकुर वाजलं. "हिचा डोळा तर जाणार नाही ना?"

नम्रताला लगेच रिक्षात बसवलं.

दवाखान्यात मलाही नेलं. पुरावा म्हणून.

"तुम्ही शंखाचं काही बोलला नव्हतात," नम्रता पुटपुटली.

"खरंय. तुतारीचंही राहिलंच. आता सांगतो, दोन्ही बंद!" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी पापणी अलगद उघडून तिला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. तिने एकादशीसकट सगळं वाचलं. मग त्यांनी मान तपासली, छातीचा फोटो पाहिला. "क्वचित होतं असं. हाडाच्या तड्यातून हवा कातडीखाली शिरली. नजर शाबूत आहे. हवा आपोआप जिरेल. फक्त गालात नवी हवा भरू नका."

तुळजाबाईंनी तिथेच बाप्पाला हात जोडले.

विसर्जनाच्या दिवशी नम्रताचा डोळा पुरता उघडला होता. मला मात्र तुळजाबाईंनी उचललं.

फुर्रर्र.

पुन्हा फुर्रर्र! मी बेडकासारखा ओरडलो.

"हसू नकोस गं, गालाला ताण पडेल!"

"आई, मग तुम्ही थांबा ना!" नम्रता दोन्ही डोळ्यांनी हसत होती.

इतका बेसूर मी कधीच वाजलो नव्हतो. इतका खूशही नव्हतो.

मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा. पण फुंकणाऱ्याचं हाड आधी सांधू द्या. मला थांबता येतं.