घडीच्या खाटेचे अकरा महिने

मित्रांनो, शिवणाच्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून उभी आहे ना, ती जुनी घडीची खाट म्हणजे मी. एका वेल्डरने लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले आणि वर नायलॉनची पट्टी घट्ट विणली. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला घरी आणले. आल्यागेल्याला मीच. "दिसते काटकुळी, पण कामाला पक्की," असे काका म्हणत, तेव्हा मला मूठभर मांस चढायचे.

एके वर्षी इथल्या शाळेने परदेशातल्या एका शाळेशी विद्यार्थ्यांची अदलाबदल केली. त्यातली नववीची एक मुलगी वर्षभरासाठी आमच्याकडे आली. रोज उठल्याबरोबर ती माझी घडी घाली, मला कपाटामागे ठेवी आणि आपली बॅग भरून दाराशी लावी. ते पाहून काकूंचा चेहरा उतरे. महिन्याभराने शाळेच्या मॅडम चौकशीला आल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "हिला दुसरं घर बघा. रोज सकाळी निघायच्या तयारीत असते. आमचंच काहीतरी चुकतंय."

मुलगी रडवेली झाली. तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाली, "आमच्या घरी एका खोलीत सहा जण झोपतात. सकाळी अंथरूण नाही उचललं, तर पाय ठेवायला जागा नसते. काकूंची शिवणाची जागा अडू नये, म्हणून मी आवरते. मला इथेच राहायचंय."

काकू उठून कपाटाशी आल्या. मग त्यांनी मला ओढून उघडले, वर धुतलेली चादर घातली. "आता ही दिवसा मिटायची नाही," म्हणाल्या. शिलाई मशीन त्यांनी स्वयंपाकघरात हलवले.

पुढचे अकरा महिने मी उघडी होते. दुपारी दोघी माझ्यावर बसून काजे करत, बटणे लावत. ती तिच्या भाषेतले शब्द शिकवी, काकू त्यांची पार वाट लावत आणि दोघी पोट धरून हसत. मला आयुष्यात इतके सुख कधी मिळाले नव्हते.

ती गेली त्या दिवशी काकू बराच वेळ माझ्यावर बसून राहिल्या. मग त्यांनीच माझी घडी घातली आणि मशीन परत खोलीत आणले. त्याला सात वर्षे झाली. पट्टी सैल पडली, बिजागऱ्या गंजल्या. एक पाल तेवढी येऊन जाते. फार एकटे वाटते.

परवा मॅडमचा फोन आला होता. नव्याने येणाऱ्या एका मुलाला घर मिळत नव्हते. काकूंनी फोनवर हात ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "लळा लागतो हो. मग घर खायला उठतं." मॅडमना मात्र त्यांनी सांगितले, "आमच्याकडे जागा नाही."

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना तेलाचा थेंब मिळाला नाही तरी चालेल. पण कुणी दुरून राहायला येणार असेल, तर तो एक दिवस जाणार म्हणून त्याला नाही म्हणू नका. काकू 'जागा नाही' म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.