ऑगीची शेवटची सही

मला तुम्ही ओळखता. नाव आठवणार नाही, पण चेहरा दिसला की म्हणाल, अरे, हा तर तो. सिनेमे एकसष्ट केले, नाटकं मोजायची कधीच सोडली. न्यायाधीश झालो, पाद्री झालो, आणि डॉक्टर तर इतक्यांदा की इथल्या, क्लीव्हलंडच्या दवाखान्यात नर्स माझ्याशी उगाच अदबीनं बोलतात. समोरच्याला 'खरं काय ते सांगून टाक' म्हणण्यात माझी हयात गेली. स्वतः मात्र एकतीस वर्षं तोंड शिवून बसलो होतो.

मागच्या मंगळवारी नोरीन आली. ऑगी टोबिनची लेक. ऑगी आणि मी अकरा वर्षं एकाच खोलीत शेजारी शेजारी बसून तोंड रंगवलं. माझ्यापेक्षा दसपट चांगला नट, आणि आळशी म्हणाल तर विचारू नका. बाप गेला तेव्हा नोरीन नऊ वर्षांची होती. आता चाळिशीची बाई, चालणं थेट बापाचं. आमच्या जुन्या थिएटरात ऑगीच्या नावानं कार्यक्रम ठेवलाय, त्यात मी चार शब्द बोलावेत म्हणाली. आणि पिशवीतून एक चौकट काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

काचेमागे हजेरीचा कागद होता. ऑगी गेला त्या शनिवारचा, दुपारच्या खेळाचा.

पडदा वर जायच्या अर्धा तास आधी प्रत्येक नटानं दाराजवळच्या त्या कागदावर आपल्या नावापुढे सही करायची. आपली आपण. दुसऱ्यासाठी करायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. सही नसली की आमची ग्रेटा, खेळ चालवणारी, आधी फोन करायची, मग घरी माणूस पिटाळायची. ऑगीची कामाच्या दिवसांपुरती भाड्याची खोली मागच्या गल्लीत, चार मिनिटांवर. रोज उशीर, रोज ग्रेटाची बोलणी. म्हणून मीच त्याची सही ठोकायचो. हुबेहूब जमायची. मोठी दोस्ती निभावतोय असं वाटायचं मला, गाढवाला.

त्या दुपारीही ठोकली. पंधरा मिनिटं उरली तेव्हा ग्रेटानं दारातून विचारलं, ऑगी कुठाय. संडासात, मी म्हणालो. त्याचा प्रवेश दुसऱ्या अंकात होता, त्यामुळे ती निर्धास्त गेली. पहिला अंक संपला तरी याचा पत्ता नाही, तेव्हा मी होतो तसाच धावत सुटलो. अंगात नाटकातल्या डॉक्टरचा कोट, हातात त्याचीच बॅग. त्याच्या घरमालकिणीनं मला पाहिलं आणि वाट सोडली. "बरं झालं, डॉक्टर आले," ती म्हणाली. वरून काहीतरी पडल्याचा आवाज तिनं ऐकला होता, पण मघाशी. तासाभरापूर्वी.

ऑगी फोनपर्यंत सरपटत गेला होता. टाय बांधलेला, एका पायात बूट. त्या एका दिवशी लेकाचा वेळेवर निघाला होता. अंग अजून कोमट होतं.

खरा डॉक्टर नंतर आला. अर्धा तास आधी कळतं तर हाती लागला असता, म्हणाला. मी सगळ्यांना सांगितलं, ऑगी आला होता, सही केली, बरं वाटेना म्हणून खोलीवर परतला. कुणी शंका घेतली नाही. इतका चांगला अभिनय मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नाही. तेव्हापासून रंगायला बसलो की आरशात शेजारच्या खुर्चीकडे बघत नाही. बघितलं की तो एका पायात बूट घालून बसलेला असतो. खोटं नाही सांगत, अजूनही असतो.

नोरीन सांगत होती, ही चौकट थिएटरच्या दर्शनी भिंतीवर लावणार आहेत. बाबा शेवटच्या दिवशीसुद्धा कामावर हजर होते, हे लोकांना कळू दे, म्हणाली. गप्प राहिलो असतो तर चार शब्द बोलून, टाळ्या घेऊन घरी आलो असतो.

"नोरीन, ही सही माझी आहे," मी म्हणालो. मग संडासापासून बुटापर्यंत सगळं सांगितलं.



"म्हणजे बाबा त्या दिवशी थिएटरला आलेच नव्हते?"

"नाही."

"तुम्ही सही केली नसती तर?"

अशा वेळी डॉक्टर काय बोलतो ते मला तोंडपाठ आहे. काही सांगता येत नाही, दैवाच्या गोष्टी असतात, वगैरे.

"वाचला असता," मी म्हणालो.

ती उठली, कोट घातला, गुंड्या लावल्या. दाराशी जाऊन थांबली. मला वाटलं शिव्या देईल. देती तर बरं झालं असतं.

"आई मरेपर्यंत रोज सकाळी या सहीवरून बोट फिरवायची, मिलोकाका," ती म्हणाली. "तुमच्या सहीवरून."

आणि चौकट माझ्याकडेच ठेवून ती निघून गेली.